माफीचा धडा राहिला

हरिहर वायंगणकर हे भित्रे गृहस्थ होते आणि ते त्यांना स्वतःलाही मान्य होतं. लिफ्टला ते भीत, ऑडिटला भीत, मोठ्या कुत्र्यांना भीत आणि छोट्या कुत्र्यांना तर जरा जास्तच, कारण ती कुठून पायात येतील ते दिसत नाही. पण साठी उलटल्यावर त्यांना एक नवीनच भीती जडली आणि तिच्यापुढे जुनी सगळी भीती अगदी माहेरच्या माणसासारखी वाटायला लागली. ही नवी भीती म्हणजे भिंतीपलीकडचं इंग्रजी.

भिंत त्यांच्याच फ्लॅटमधली. डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि मधे बिल्डरने मन लावून पातळ केलेली भिंत. अलीकडे हरिहरराव आणि माधवीबाई, पलीकडे मुलगा संदेश आणि सून वल्लरी. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. दोघंही कॉम्प्युटरवाले, दोघांची ऑफिसं घोडबंदर रोडला, पण आठवड्यातले निम्मे दिवस काम घरून. त्यामुळे दार लावलेलं आहे आणि आतून इंग्रजी ऐकू येतंय, यात वावगं असं कोणालाच वाटत नसे. उलट हरिहरराव अशा वेळी चवड्यांवर चालत आणि टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत. एका दुपारी मेथी निवडता निवडता माधवीबाई म्हणाल्या की हे काही ऑफिस नव्हे, हे भांडण आहे. कशावरून, तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये मधेच कोणी नाक ओढत नाही.

हरिहररावांनी कान दिला. खरंच नाक ओढलं जात होतं. त्या क्षणी जी भीती आली ती पुढे कित्येक आठवडे मुक्कामाला राहिली.

आता तुम्ही म्हणाल, नवरा-बायकोचं भांडण ते, त्यात घाबरायचं काय? बरोबर आहे. हरिहरराव आणि माधवीबाई चौतीस वर्षं भांडत आले होते, पण ते मराठीत आणि खिडक्या उघड्या ठेवून. त्यांचं भांडण आमटीतल्या मिठावरून निघे आणि बघता बघता वेंगुर्ल्याला पोचे, तिथे लग्नात हरिहररावांच्या आत्याने कोणाला काय म्हटलं होतं ते निघे, आणि मग दोघांनाही पुढचं पाठ असल्याने कंटाळा येऊन ते थांबे. कोणी कोणाची माफी मागितल्याचं त्या घरात कोणाला आठवत नाही. माफी हा शब्द तिथे एकदाच उच्चारला गेला होता, तोही वीजबिलावरच्या दंडासंदर्भात. अशा भांडणाची भीती वाटत नाही, कारण त्यात ऐकू न येण्यासारखं काही नसतं.

पलीकडचं भांडण तसं नव्हतं. ते हळू आवाजात चाले. एक बोले, मग थांबे, मग दुसरा बोले. एकमेकांचं वाक्य पूर्ण होऊ देणारे नवरा-बायको हरिहररावांनी आजवर फक्त कोर्टात बघितले होते. ते स्वतः ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत जावक विभागात पस्तीस वर्षं होते, इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही, पण ते सगळं ‘फॉरवर्डेड फॉर नेसेसरी ॲक्शन’ छापाचं. त्या इंग्रजीत कोणी बायकोशी भांडत नाही. भिंतीपलीकडून एखादा ‘बट’ आणि दोनचार ‘यू’ तेवढे हाताला लागत, बाकी सगळं वाहून जाई.

माधवीबाईंचं म्हणणं साधं होतं. दोघांना समोर बसवा आणि विचारा. पण नव्या जोडप्याच्या खोलीचं दार सासऱ्याने आग लागल्याशिवाय वाजवायचं नसतं, असं हरिहररावांचं मत होतं, आणि विचारल्यावर जर खरं उत्तर मिळालं तर काय करायचं, ही त्यांची खरी अडचण होती. संदेश त्यांचा एकुलता एक. सून आली तेव्हापासून घरात दुपारी सुद्धा कोणीतरी हसल्याचा आवाज येत होता. हे मोडलं तर पुढे काय, या विचारापाशी आले की हरिहरराव उगाचच गॅस बंद आहे का ते बघून येत.

अशा मनःस्थितीत माणूस सल्ला घ्यायला ज्याच्याकडे जाऊ नये नेमका त्याच्याकडे जातो. तळमजल्यावर दामाजी म्हात्रे राहत. बिल्डिंग उभी होती ती त्यांच्या बापाच्या भातशेतीवर, त्यामुळे वरच्या मजल्यांवर जे काही चालतं ते अजून आपल्याच शेतात चालतं अशी त्यांची समजूत होती. सगळं ऐकून घेऊन दामाजींनी बराच वेळ दात कोरले. मग म्हणाले, “हरीभाव, आपल्या भाषेत भांडतान ती घरची भांडणं. इंग्रजीत गेलं म्हंजे कागदावर गेलं असं समज. माझ्या पुतण्याचं तसंच झालं. आधी इंग्रजी, मंग वकील, मंग पोरगी माहेरी.”

हरिहररावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. आणि माणसाला भीतीने जी अक्कल सुचते ती सुचून त्यांनी ठरवलं की विचारायचं नाही, तर समजून घ्यायचं. भांडणापुरतं इंग्रजी शिकून घ्यायचं, म्हणजे संकट कुठवर आलंय ते आधी कळेल आणि वेळीच काहीतरी करता येईल. काय करता येईल ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

असं इंग्रजी कुठे शिकवतात, असा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावात पडला असता. डोंबिवलीत पडत नाही. भाजी मार्केटच्या मागच्या एका इमारतीच्या पोटमाळ्यावर कलावतीबाईंचा क्लास होता आणि बाहेर पाटीच होती : रोजच्या वापराचे इंग्रजी, विषय भांडण व दिलगिरी. कलावतीबाई शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांचा सिद्धांत असा की मराठी माणसाला व्याकरण सगळं येतं, पण रिक्षावाल्याने धक्का दिला की तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून प्रसंगाप्रमाणे तयार वाक्यंच शिकवावीत. आधी भांडण, नंतर दिलगिरी. हा क्रम का, असं हरिहररावांनी भीत भीत विचारलं तर बाईंनी चष्म्यावरून बघत उत्तर दिलं की आधी भांडल्याशिवाय माफी कशाची मागणार? हे तर्काला धरून होतं, त्यामुळे त्यांनी नाव घातलं.

घरी काय सांगायचं हा पुढचा प्रश्न. हरिहररावांनी सांगितलं की आपण हास्यक्लबात जायला लागलो आहोत. ते रोज सकाळी पांढरे बूट घालून हसायला म्हणून बाहेर पडत आणि तासभर भांडून परत येत. हास्यक्लबातून येणाऱ्या माणसाचा चेहरा इतका पडलेला कसा, हे माधवीबाईंच्या लक्षात येत होतं. पण पेन्शनरांच्या क्लबात हसू येण्यासारखं काय असणार, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

क्लासमध्ये जोड्या लावून भांडायचं असे. हरिहररावांच्या वाट्याला काळुराम आला. हा शीळफाट्याला फ्लॅट विकायचा धंदा करी. नव्या टॉवरांतली गिऱ्हाइकं पार्किंगवरून इंग्रजीत अंगावर येतात आणि आपल्याला मान खाली घालून उभं राहावं लागतं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. त्यामुळे तो सरावात सुद्धा मनापासून भांडे. “यू आर नॉट लिसनिंग” म्हणताना तो असा पुढे सरके की हरिहररावांची खुर्ची आपोआप मागे जाई. हरिहररावांना आयुष्यात शिपायाला सुद्धा अरे म्हणणं जमलं नव्हतं. त्यांनी पहिल्या दिवशी काळुरामला सांगितलं, “सर, यू आर अ लायर, प्लीज.” कलावतीबाईंनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं की भांडणात प्लीज नको आणि सर तर नकोच नको. एवढा अपमान त्यांचा कचेरीत कधी झाला नव्हता, आणि कचेरीत काही कमी झाला नव्हता.

पण हळूहळू जमायला लागलं. ‘दॅट्स नॉट द पॉइंट’ म्हणजे मुद्दा तो नाही, हे समोरच्याचा मुद्दा बरोबर असताना म्हणायचं. ‘आय हॅव हॅड इनफ’ म्हणजे आता बास झालं. ‘डोन्ट टेक दॅट टोन विथ मी’ म्हणजे आवाज खाली. ‘वी कान्ट गो ऑन लाइक धिस’ म्हणजे हे असं यापुढे चालायचं नाही, आणि हे वाक्य घरात ऐकू आलं तर प्रकरण शेवटाला आलं असं समजावं, अशी बाईंनी वर टीप दिली. हरिहररावांनी सगळं तोंडपाठ केलं. आंघोळ करताना ते नळाला म्हणत की आय बेग टू डिफर.

भांडणाचा भाग शनिवारी संपला. सोमवारपासून दिलगिरी सुरू व्हायची होती. सोमवारी हरिहरराव पांढरे बूट घालून पोचले तर पोटमाळ्याच्या दाराला महापालिकेचं सील. पोटमाळा अनधिकृत निघाला होता. काळुराम खाली उभा राहून सीलकडे बघत होता आणि त्याचं म्हणणं पडलं की बांधकाम चांगलं आहे, त्याने यापेक्षा वाईट विकलेली आहेत. कलावतीबाईंचा फोन बंद. शेजारचा फुलवाला म्हणाला की बाई वैतागून बहिणीकडे चिपळूणला गेल्या, कधी येतील ते बोलल्या नाहीत.

हरिहररावांनी जे कधी केलं नसतं ते केलं, ते वॉर्ड ऑफिसात गेले. निदान दिलगिरीच्या धड्याचे छापील कागद तरी आतून काढून मिळावेत, एवढीच विनंती होती. तिथल्या कारकुनाने विचारलं की आत नेमकं काय राहिलंय. हरिहरराव म्हणाले, माफी. कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. मग त्याने अर्ज, जागामालकाचं ना हरकत पत्र आणि वस्तूचं वर्णन आणायला सांगितलं आणि साहेब दौऱ्यावर असल्याचंही सांगितलं. पस्तीस वर्षं हरिहररावांनी लोकांना नेमकं हेच सांगितलं होतं. त्यामुळे आता पुढे काहीही होणार नाही हे त्यांना तिथल्या तिथे समजलं आणि ते जिना उतरले.

तर अशी परिस्थिती झाली. या गृहस्थांना इंग्रजीतलं भांडण संपूर्ण येत होतं आणि माफी अजिबात येत नव्हती. ‘सॉरी’ तेवढं ठाऊक होतं, पण ते काय, कोणाचाही पाय लागला तरी म्हणतात, आणि भिंतीपलीकडे ते कधी ऐकूच आलं नाही. या मुलांनी सॉरीला पेन्शन दिली असावी.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पलीकडे सुरू झालं आणि हरिहरराव चादरीच्या घड्या करायच्या निमित्ताने भिंतीला खेटले. काय सांगू, एक एक वाक्य धड्यातलं. संदेश म्हणाला, दॅट्स नॉट द पॉइंट. वल्लरी म्हणाली, यू आर नॉट लिसनिंग. क्षणभर हरिहररावांना परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आल्यासारखा आनंद झाला. मग संदेश म्हणाला, वी कान्ट गो ऑन लाइक धिस. हरिहररावांच्या हातातली चादर खाली पडली. पाठोपाठ कोणीतरी कोणालातरी सांगायचं आहे असं निघालं, यू टेल देम, नो, यू टेल देम. आणि वल्लरी रडक्या आवाजात म्हणाली की इट्स नॉट फेअर ऑन देम. देम म्हणजे आपणच, हे कळायला क्लासची गरज नव्हती.

पण खरी भीती वाटली ती यानंतर. भांडण थांबलं, जरा शांतता झाली, आणि मग दोघं आणखी हळू आवाजात, अगदी संथपणे, एकेक वाक्य बोलायला लागली. त्यातलं एकही वाक्य हरिहररावांना कळेना. आधी संदेश काहीतरी बोलला, मग बराच वेळ कोणीच नाही, मग ती काहीतरी बोलली. एकही ओळखीचा शब्द नाही. भांडणाचं सगळं इंग्रजी तर आपल्याला येतं, मग हे काय आहे? पुढच्या दोन भांडणांतही हेच झालं. आधी कळणारं भांडण आणि नंतर न कळणारं थंड काहीतरी.

ते शीळफाट्याला जाऊन काळुरामला भेटले. काळुरामचा अभ्यासही तिथवरच झालेला. त्याने धंद्यातला अनुभव सांगितला की बोंबलणारं गिऱ्हाईक शेवटी फ्लॅट घेतं, हळू बोलायला लागलेलं गिऱ्हाईक वकील घेतं. हे जे हळू चाललंय ती भांडणाची वरची पायरी असणार, बाईंनी ती आपल्याला शिकवली नसेल, वेगळी बॅच असेल. हरिहररावांच्या डोळ्यांपुढे दामाजींचा पुतण्या उभा राहिला. फाट्यावर सगळ्या बाजूंनी गाड्या अडकल्या होत्या आणि त्या गोंगाटात त्यांनी आयुष्यातला सर्वांत धाडसी निर्णय घेतला. तो निर्णय चुकीचा होता, पण धाडसी होता.

ते व्याह्यांकडे गेले. वल्लरीचे वडील सुदेश राणे घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहत. बस वाटेत इतकी रखडली की हरिहररावांना परत फिरायला पुष्कळ वेळ होता, पण उतरायची सुद्धा भीती वाटत होती. लिफ्टमध्ये त्यांनी डोळे मिटून घेतले. राणे बँकेतून रिटायर झालेले, हसतमुख माणूस. त्यांनी व्याह्यांना अचानक दारात बघितलं आणि हसू अर्ध्यावर राहिलं. हरिहररावांनी पाणी न पिता, कचेरीत शोभेल अशा मराठीत, मुलांच्या बाबतीत परिस्थिती गंभीर असून प्रकरण अंतिम टप्प्यात असल्याचं निवेदन केलं. विहीणबाई समिधाताई मटकन खाली बसल्या. आपली पोरगी रोज फोनवर सगळं छान आहे म्हणते, म्हणजे नक्कीच काहीतरी लपवते आहे, असं त्यांना त्या क्षणापासून वाटायला लागलं. आतापर्यंत एक माणूस घाबरलेला होता, आता तीन झाले.

मग आपल्या लोकांत जे करतात ते ठरलं. बैठक. लग्न ठरवायला मोठी माणसं बसली होती ना, मग मोडायच्या आत तीच माणसं परत बसली पाहिजेत. रविवारी सकाळी मुलं बाजारात गेली की जमायचं, आणि मधला माणूस म्हणून दामाजी, कारण साखरपुड्याला तेच मधे होते.

माधवीबाईंना हे शनिवारी संध्याकाळी कळलं. त्या नवऱ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की हरिहररावांनी हास्यक्लबाचंही आपणहून सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या की तुम्ही हे निस्तरा. पण घरात माणसं येणार म्हटल्यावर काहीतरी करायला हवं, आणि अशा प्रसंगाला काय करतात हे कोणालाच माहीत नव्हतं. शिरा शुभ कार्याचा, पोहे बघण्याच्या कार्यक्रमाचे. शेवटी त्यांनी डब्यातला चिवडा बशांत काढला, कारण चिवड्याला कुठलाच अर्थ नाही.

रविवारी खुर्च्या मांडल्या, लग्नाच्या बैठकीला होत्या तशाच, मुलीकडचे खिडकीपाशी आणि मुलाकडचे भिंतीपाशी. दामाजी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून मधे. कोणी चिवड्याला हात लावला नाही. समिधाताई पदराने डोळे टिपत होत्या.

संदेश आणि वल्लरी हसत हसत दार उघडून आत आली. संदेशच्या एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात नारळ. आपले आई-बाबा समोर बघून वल्लरीला आधी कोणीतरी गेलं असंच वाटलं आणि ती दारातच पांढरी पडली. दामाजींनी घसा साफ केला. म्हणाले, “पोरी, तू घाबरू नको. आमी हाव. काय तोडायचं ते आमच्या देखत ठरू दे.” काय तोडायचं, असं संदेशने विचारलं. राण्यांना राहवलं नाही, त्यांनी घटस्फोट हा शब्द उच्चारला. नारळ संदेशच्या हातून सुटला आणि गडगडत दामाजींच्या खुर्चीखाली गेला.

कोण घेतंय घटस्फोट, हे पोरं विचारायला लागली तेव्हा सगळे हरिहररावांकडे बघायला लागले. ते उठून उभे राहिले. पुरावा द्यायचा म्हटल्यावर त्यांनी तो क्रमाने दिला. दॅट्स नॉट द पॉइंट. यू आर नॉट लिसनिंग. वी कान्ट गो ऑन लाइक धिस. उच्चार कलावतीबाईंना आवडले असते. एकेका वाक्याबरोबर वल्लरीचा चेहरा बदलत गेला. आधी तिला काही कळेना, मग हळूहळू सगळं कळलं. हे तुम्हाला कसं माहीत, असं तिने विचारलं तेव्हा हरिहररावांनी भिंतीकडे बघितलं, आणि ते पुरेसं होतं.

संदेशच मान खाली घालून बोलायला लागला. त्याने ऑफिसजवळ, घोडबंदरला, एक भाड्याची जागा बघून ठेवली होती. जाण्यायेण्यात रोज जीव जातो. त्याला वेगळं राहायचं होतं आणि ते आई-बाबांना सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून तो बायकोला सांगायला सांगत होता. एवढंच भांडण होतं.

मग वल्लरी हरिहररावांकडे वळून बोलली, ती मराठीत, आणि आवाज अजिबात न चढवता.

“बाबा, मी लहानपणी शाळेतून आले की गळ्यातल्या किल्लीने घर उघडायचे. आत कोणी नसायचं. इथे मला शिंक आली तरी दोन माणसं विचारतात. मला इथून जायचं नाहीये, हे मी त्याला रोज सांगत होते. त्यांच्यावर अन्याय होतो म्हणत होते. तुमची बाजू घेऊन भांडत होते मी. आणि तुम्ही भिंतीला कान लावून ऐकत होतात, आणि मला एका शब्दाने न विचारता माझ्या आईला रडवत इथवर आणलंत.” ती थांबली. “आता नाही मला भांडायचं. संदेश, त्या घरवाल्याला फोन कर.”

संदेशने खिशात हात घातला. इतके दिवस ज्याला ते भीत होते ते कुठेच नव्हतं, आणि आता जे समोर उभं होतं ते त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत, बस पकडून, लिफ्टने वर जाऊन घरी आणलं होतं. या मुलीने पाठ फिरवली की मुलगा जाणार, घर जाणार, दुपारचं हसू जाणार. काहीतरी बोलायला हवं होतं आणि लगेच बोलायला हवं होतं. त्यांनी आधी इंग्रजीत शोधलं, तर तिथे नुसती भांडणंच रचून ठेवलेली. मग कचेरीत शोधलं. तिथे होणाऱ्या विलंबाबद्दल दिलगिरी होती, तीसुद्धा कचेरीच्या वतीने. माधवीबाईंकडे बघितलं, त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मदत करायच्या बेतात नव्हत्या.

“चुकलं माझं,” हरिहरराव म्हणाले.

व्याही समोर होते, विहीण समोर होती, दामाजी तर खाली जाऊन सगळ्या बिल्डिंगला सांगणार होते. सासऱ्याने सुनेपुढे असं म्हटलेलं त्या खोलीतल्या कोणी ऐकलेलं नव्हतं. दामाजींनी सुद्धा नजर खाली केली.

वल्लरी म्हणाली, “काय चुकलं?”

ही मात्र हद्द होती. पण हरिहररावांनी सांगितलं, एकेक करून. भिंतीला कान लावला ते. हास्यक्लबाचं खोटं सांगितलं ते. हास्यक्लबाचं राण्यांना नव्यानेच कळलं आणि ते त्यांना नीट समजावून सांगावं लागलं. तिच्या आई-वडिलांना घाबरवलं ते. आणि सगळ्यात आधी, तिला विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, कारण ती जाते म्हणाली तर काय, याची भीती वाटत होती. हे शेवटचं बोलताना त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी तो लपवलाही नाही.

“आणि परत भांडण ऐकू आलं तर?” तिने विचारलं.

हरिहररावांनी विचार केला. आता खोटं बोलून चालणार नव्हतं. ते म्हणाले, “भीती तर वाटणारच गं. पण तुला येऊन विचारीन.”

वल्लरी खिडकीपाशी गेली, आईच्या शेजारी बसली, आईच्या हातात हात दिला. मग संदेशकडे वळली आणि मराठीत, खिडकी उघडी असताना, चांगली मोठ्याने सुरू झाली. ती कुठेही जाणार नाहीये, फोन खिशात ठेव, स्वतःच्या आई-बापाला चार शब्द सांगायची हिंमत नाही आणि बायकोला पुढे करतोस, बाबा निदान चुकलं म्हणाले, तू काय म्हणालास आतापर्यंत? समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई गॅलरीत आल्या. समिधाताईंनी पहिल्यांदा चिवड्याची बशी हातात घेतली.

संदेश तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मान खाली घालून, अगदी हळू आवाजात, संथपणे, त्याने इंग्रजीत एक वाक्य म्हटलं, मग थांबून आणखी एक. हरिहररावांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. तोच आवाज, तेच थंड न कळणारं काहीतरी, आणि या वेळी मधे भिंतसुद्धा नव्हती. भीती वाटलीच. पण शब्द दिलेला होता. त्यांनी विचारलं, “वल्लरी, काय म्हणतोय गं तो?”

वल्लरीने डोळे पुसले.

“घाबरू नका बाबा,” ती म्हणाली. “माफी मागतोय.”